शिडी आली रं!

भात कापून झालं, खळी उरकली, की आमच्या कर्जत-खालापूरकडच्या शेतांत मागे राहिलेल्या ओलीवर वाल पेरतात. पौषात तो फुलतो आणि माघात शेंगांनी लगडतो. बांधावरून चालताना त्या शेंगांचा हिरवा, जरासा उग्र वास नाकात शिरतो आणि कुणालाही मडक्यात भाजलेली पोपटी आठवते. मला मात्र निवडणूक आठवते. खरंच सांगते, वालाच्या शेंगेचा वास आला की माझ्या कानात आपोआप लाउडस्पीकर खरखरायला लागतो.

परवा तसंच झालं. मी ओसरीवर शेंगा निवडत बसले होते आणि रस्त्यावरून कुणाचा तरी प्रचाराचा टेंपो गेला. वर दोन भोंगे, पुढे झेंडूचा हार, आत कंटाळलेली चार पोरं. कोण उभा आहे, कुठल्या पक्षाचा आहे, मला काही ठाऊक नाही. तरी मी सूप खाली ठेवलं आणि फाटकापर्यंत धावले. सून हसून म्हणाली, "आई, तुम्हीच उभ्या असल्यासारख्या धावता!" आता तिला काय सांगू? एका वालाच्या हंगामात मी खरोखरच उभी होते. म्हणजे कागदावर उभ्या होत्या आमच्या वत्सलाबाई, पण त्यांच्या मागे आम्ही चारदोन बायका अशा काही ताठ उभ्या राहिलो होतो की अर्ज नक्की कुणी भरलाय हे बघणाऱ्याला कळू नये.

साठचं दशक सरत आलं होतं. आमच्या जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. मोहोपाड्याच्या बाजूला कारखान्यांची धुराडी नुकतीच वर आली होती आणि आमचे हे त्यांतल्याच एका कारखान्यात पाळीवर जायचे. मी लग्न होऊन या गावात आले, सातवी पास होते, घरात बसून कंटाळत होते. वत्सलाबाईंनी एक दिवस दारात येऊन माझ्या सासऱ्यांना सांगितलं, "तुमच्या सुनेला उद्यापासून बालवाडीत पाठवा." पाठवता का, असं नाही. पाठवा. मामंजी गावातले मोठे माणूस, त्यांना असं कुणी बोलत नसे. ते इतके चकित झाले की त्यांनी पाठवलं.

वत्सलाबाई म्हणजे एका माणसात तीन माणसं होती. सकाळी बालवाडीच्या बाई, दुपारी दवाखान्याच्या बाई आणि उरलेल्या वेळात भांडणाऱ्या बाई. मुंबईत नर्सिंग शिकलेल्या. कुठल्याशा संस्थेने त्यांना एका पावसाळ्यापुरतं इकडे पाठवलं होतं, आणि तो पावसाळा त्यांच्या बाबतीत कधी संपलाच नाही. उंच, सडसडीत अंग, पायात कॅनव्हासचे बूट, हातात बारा महिने काळी छत्री. ती पावसात डोक्यावर, उन्हाळ्यात साप हुसकायला आणि एरवी माणसांवर रोखायला. खांद्याला पिशवी आणि पिशवीत सुयांची पत्र्याची डबी. देवीची लस टोचायला सरकारी माणूस यायचा, त्याला आमच्याकडे देवी डॉक्टर म्हणत. पण पोरं धरून आणायचं काम त्या बिचाऱ्याला जमत नसे. ते बाईंचं. पोराचा दंड पकडायचा, त्याच्या आईला डोळ्यांनी गप्प करायचं आणि म्हणायचं, "काही होत नाही, मुंगी चावल्यासारखं." त्या मुंगीला सगळा तालुका ओळखून होता.

डोंगराच्या पायथ्याशी ठाकरांची एक वाडी होती, आम्ही तिला वरची वाडी म्हणायचो. बाईंचा सगळ्यांत जास्त जीव त्या वाडीवर आणि वाडीची सगळ्यांत जास्त धाव बाईंना बघून. छत्रीचं टोक ओढ्याच्या वळणावर दिसलं रे दिसलं की पोरं आंब्यावर. मोठी माणसं रानात. ती आंब्याची झाडं जुनी, उंच, आणि पोरं शेंड्याला जाऊन पानांत अशी बसायची की खालून नुसत्या टाचा दिसाव्यात. बाई खाली उभ्या राहून छत्रीने खोड बडवायच्या. मला हसू यायचं, पण तेव्हा हसायची सोय नव्हती.

वरच्या वाडीच्या आणि गावाच्या मध्ये तो ओढा होता. पावसाळ्यात तो भरला की वाडी पलीकडे आणि औषध अलीकडे. बाईंना त्यावर साकव हवा होता. फार काही नाही, माणूस चालत पार होईल एवढा छोटा पूल. त्यासाठी त्यांनी किती अर्ज केले आणि मुंबईला किती खेपा घातल्या! दर खेपेला त्या कुणाच्या तरी दाराबाहेरच्या बाकावर बसून परत यायच्या. एक दिवस बालवाडीत पोरांची वजनं घेता घेता त्या मला म्हणाल्या, "मालू, मी उभी राहते."

मी म्हटलं, "बसा ना बाई, स्टूल देते."

"अगं, निवडणुकीला. त्या बाहेरच्या बाकावर किती वर्षं बसायचं? आत खुर्च्या असतात म्हणे."

आणि पुढच्या पोराला त्यांनी काट्यावर बसवलं. माझ्या छातीत मात्र जे धडधडायला लागलं ते पुढचा महिना-दीड महिना थांबलं नाही. आजही तो महिना आठवला की मला तीच धडधड ऐकू येते. आमच्याकडच्या बाईमाणसाने विधानसभेला उभं राहायचं! तेही कुठल्या पक्षाच्या आधाराशिवाय! मी घरी येईपर्यंत रस्त्यात भेटेल त्याला सांगत सुटले. विहिरीवर सांगितलं, गिरणीत सांगितलं, आणि मामंजींना सांगायचं तेवढं विसरले.

कारण बाईंच्या विरुद्ध उभे होते तात्यासाहेब. मोठं घर, भाताची गिरण, तीन गाड्या, आणि मामंजींचे जुने स्नेही. आमच्या ओसरीवर तात्यासाहेबांची पत्रकं रचलेली आणि आत चुलीपुढे बसून मामंजींचीच सून बाईंच्या पत्रकांवर खळ लावतेय, असा तो संसार होता. मामंजी एकदाच म्हणाले, "सूनबाई, खुशाल फिरा. पण माझ्या घरातून दोन माणसांचा प्रचार होतोय हे गावात दिसू देऊ नका." मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी मी जीपमध्ये पुढे बसून अख्ख्या गावातून फिरले. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्यांनी गुपचूप माझ्या वाटचा स्वयंपाक आपल्याकडे घेतला आणि मी निघताना रोज पदरात भाकरी बांधून दिली. कर्जतहून गाडी घाटात चढायला लागली की तिला मागून आणखी इंजिनं लावतात. पुढे बसलेल्यांना ती दिसत नाहीत, पण गाडी चढते ती त्यांच्या जोरावर. आत्याबाई त्या हंगामात माझं मागचं इंजिन होत्या.

बाईंना निशाणी मिळाली शिडी. आम्ही सगळ्या खूश झालो. काढायला सोपी, सांगायला सोपी. दोन उभ्या रेघा, मधे आडव्या, झाली शिडी! गेरूने आम्ही भिंतींवर, खळ्यांच्या कडेला, दगडांवर इतक्या शिड्या काढल्या की आमचा तालुका आभाळात चढणार असं वाटावं. पोरं ओरडत फिरायची, "ताई, माई, आक्का, शिडीवर मारा शिक्का!" जीप मिळाली ती गणूभाऊंची. गणूभाऊ नेरळ-कर्जत उतारू नेणारे, बोलायला लागले की ब्रेक विसरणारे. त्यांच्या बायकोचं अवघड बाळंतपण बाईंनी सोडवलं होतं, तेव्हापासून ते बाईंचे भक्त. त्यांनी आपल्या डोक्याने जीपच्या टपावर खरीखुरी शिडी बांधली. कौलं शाकारायची, चांगली लांबलचक. ती जीपच्या पुढेमागे हातहातभर बाहेर यायची. बाईंनी ती बघितली, छत्रीने दोनदा ठोकली आणि म्हणाल्या, "मजबूत आहे. चला."

काय दिवस होते ते! सकाळी धुकं उल्हास नदीवरून उठायचं आणि आमची जीप त्यातून वाट काढत निघायची. पांगारे लालभडक फुललेले, पळस नुकता पेटायला लागलेला, काटेसावरीखाली फुलांचा खच. बांधाबांधावर वाल. आम्ही चार बायका, गणूभाऊ, एक भोंगा आणि ती शिडी. बाईंना भाषण मुळीच येत नसे. त्या ओट्यावर उभ्या राहायच्या, "मतदार बंधू आणि भगिनींनो" म्हणायच्या, आणि मग समोर त्यांना कुणीतरी दिसायचं. "अगं द्वारके, त्याचा खोकला अजून आहे? मी काय सांगितलं होतं? अडुळसा दिलास का?" भोंग्यातून सगळ्या गावाला ते ऐकू जायचं. द्वारका लाजायची. लोक हसायचे. बाई पुन्हा "तर मतदार बंधू आणि भगिनींनो" म्हणायच्या, आणि तोवर दुसरं कुणाचं तरी शेंबडं पोर समोर आलेलं असायचं. साकवाचा विषय येईपर्यंत सभा संपलेली असे. तरी गर्दी व्हायची, आणि मला वाटायचं, आपण जिंकलो! रोज संध्याकाळी जीपमधून उतरताना मला तसंच वाटायचं. तरुणपणी गर्दी म्हणजे मतं असंच वाटतं, आणि त्या वयात ते वाटायलाच हवं.

मग आम्ही वरच्या वाडीला गेलो.

बाईंनी तो दिवस मुद्दाम राखून ठेवला होता. ती त्यांची माणसं होती. ज्यांच्यासाठी साकव, ज्यांच्यासाठी सगळं, त्यांच्याकडे जायचं म्हणून त्या दिवशी बाईंनी नवं पातळ नेसलं होतं. ओढा कोरडा होता, गणूभाऊंनी जीप थेट पात्रातून वर घातली, भोंगा सोडला, आणि वळणावरून वाडी दिसली. त्याच क्षणी वरच्या बाजूने एक किंचाळी आली.

"पळा रंऽऽ! शिडी आली रंऽऽ! बाईनं शिडी आनली!"

काय झालं ते मला आधी कळलंच नाही. आंब्याचे शेंडे गदागदा हलत होते. वर चढलेली पोरं धपाधप खाली उड्या मारत होती आणि रानाकडे धूम ठोकत होती. बाया भांडी टाकून पळाल्या. कोंबड्यासुद्धा पळाल्या. आम्ही वाडीच्या मधोमध पोचलो तेव्हा चुली पेटलेल्या, झोळ्या हलणाऱ्या, आणि माणूस एक नाही.

एक होती. चांगुणा. म्हातारी, गुडघे गेलेले, पळता येत नाही म्हणून दारात बसून राहिलेली. बाईंनी विचारलं, "चांगुणा, काय गं हे?"

चांगुणा जीपच्या टपाकडे बघत म्हणाली, "काय म्हंजे? इतकी सालं पोरां झाडावं चडून वाचली. आता तू शिडीच घेऊन आलीस. जातील कुठं?"

गणूभाऊंनी तोंडावर हात दाबून पाठ फिरवली. मला हसू आवरेना. हसता हसता मी बाईंकडे बघितलं आणि माझं हसू जागच्या जागी थांबलं. बाई त्या हलणाऱ्या रिकाम्या झोळीकडे बघत होत्या.

आमच्याकडे बातमी माणसापेक्षा लवकर उतरते. संध्याकाळपर्यंत ती कर्जतच्या बाजारात पोचली होती. दुसऱ्या दिवशी तात्यासाहेबांच्या सभेत त्यांचा एक माणूस म्हणाला, "जिला बघून तिची वाडीच पळते, ती बाई तुमच्यासाठी मुंबई गाठणार म्हणे!" हास्याचा एवढा कल्लोळ झाला की तो आमच्या बालवाडीत ऐकू आला. मामंजींनी ते वाक्य रात्री जेवताना पुन्हा म्हणून दाखवलं. आत्याबाईंनी त्या दिवशी त्यांना ताक वाढलं नाही.

मी म्हटलं, "बाई, एका वाडीने काय होतंय? इतकी गावं आहेत." त्या डबीतल्या सुया उकळत होत्या. म्हणाल्या, "मालू, बाकीची गावं आली आणि ती वाडी आली नाही, तर मी निवडून येऊन काय करू? कुणाच्या नावाने तिथे बसू?" मग जराशाने म्हणाल्या, "मी त्यांना आजवर धरून टोचलं. धरून औषध पाजलं. त्यांच्या बऱ्यासाठीच केलं. पण विचारलं कधी नाही गं. आणि मागितलं तर कधीच काही नाही." माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मला त्या शिडीचा, तात्यासाहेबांचा, सगळ्यांचाच राग आला होता. त्या दिवसापासून माझ्यापुरती निवडणूक एवढीच उरली. वरची वाडी बाईंसाठी खाली उतरते की नाही.

पुढे जे सुचलं ते आत्याबाईंना. त्या म्हणाल्या, "बाईस्नी म्हनावं, गाडी नको, भोंगा नको. शेंगा न्या. माघात वालाच्या शेंगा बगून कोन पळतंय?" आणि त्यांनी स्वतः मामंजींच्या शेतात जाऊन टोपलीभर शेंगा तोडून आणल्या. तात्यासाहेबांच्या माणसाच्या शेतातला वाल बाईंच्या प्रचाराला! त्या टोपलीचं ओझं मला डोक्यावर लागलं नाही.

आम्ही दोघी उन्हं कलताना चालत निघालो. बाईंच्या खांद्याला पिशवी नव्हती, हातात छत्रीही नव्हती. छत्रीवाचून त्या मला कुणीतरी वेगळ्याच वाटल्या, हात कुठे ठेवावेत हे न कळणाऱ्या. वाडीत शिरलो तर पोरं सवयीने वर गेलेली, पण मोठी माणसं अजून रानाच्या कडेलाच घुटमळत होती. बाई सरळ चांगुणेच्या दाराशी गेल्या आणि म्हणाल्या, "चांगुणा, एक मडकं देतेस का?"

म्हातारीने कानामागे हात धरला. "काय?"

"मडकं गं. पोपटी लावायची आहे. शेंगा आणल्यात मी. मडकं नाही माझ्याकडे. पाला पण नाही."

बाईंनी वाडीत कुणाकडे काही मागितल्याचं ते मी पहिल्यांदाच ऐकलं. वाडीनेही. रानाच्या कडेची माणसं जरा पुढे आली. वाडीचा म्हातारा पदू, कमरेला कोयता, अंगावर जुनी बंडी, त्याने बराच वेळ बाईंच्या रिकाम्या हातांकडे बघितलं आणि मग पाठीमागे वळून ओरडला, "भांबुर्डी आना रं कुनी!"

भांबुर्डीचा पाला आला. मडक्याच्या तळाशी पाला, वर मीठ-ओवा चोळलेल्या शेंगा, कुणीतरी धावत जाऊन करांद्याचे कंद आणले तेही आत गेले, मग पुन्हा पाला ठासून तोंड बंद. मडकं पालथं घातलं आणि भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून जाळ केला. सूर्य डोंगराआड गेला होता. तो धूर, तो भांबुर्डीचा वास! आंब्यावरून एक टाच खाली आली, मग दुसरी. मडकं उघडेपर्यंत सगळी झाडं रिकामी झाली होती.

शेंगा सोलता सोलता बाई म्हणाल्या, "मी आज काही द्यायला आले नाही. मागायला आलेय. मला तुमचं मत द्या. खाली शाळेत यावं लागेल. शिडीवर शिक्का मारायचा."

मग चांगुणेने विचारलं, "थितं काय करत्यात?"

"काही नाही. तिथे एक माणूस बसलेला असतो. तो हात धरतो, बोटाला जरासं लावतो, मग कागद देतो."

"हात धरतो?"

"हो. पण काही होत नाही गं," बाई सवयीने म्हणाल्या, "मुंगी चावल्यासारखं पण नाही."

शेंगा सोलणारे सगळे हात थांबले. बायांनी एकमेकींकडे बघितलं. पदूने जाळात एक काटकी टाकली आणि म्हणाला, "बगू." एवढंच. उतरताना मी बाईंना म्हटलं, "बाई, सगळं जमलं होतं, मुंगी कशाला आणलीत?" बाई ओढ्यापाशी थांबून म्हणाल्या, "जिभेवरच बसलीय ती मेली."

मतदानाच्या दिवशी मी शाळेत आतल्या बाकावर बाईंची प्रतिनिधी म्हणून बसले होते. नवी कोरी साडी, छातीवर बिल्ला. तात्यासाहेबांच्या बाजूने माझ्या शेजारी, त्याच बाकावर, मामंजी. गावातलं मतदान जेवणापर्यंत उरकलं. खिडकीतून डोंगराची वाट दिसत होती, आणि मी कितीही दुसरीकडे बघायचं ठरवलं तरी माझी मान तिकडेच वळत होती. वाट पांढरी पडून होती. दुपार झाली, उन्हं खिडकीतून माझ्या पायांवर आली. मामंजी हळूच म्हणाले, "सूनबाई, तुमची शिडी कुठं अडकली?" मी मतदारयादीवरून बोट फिरवत राहिले.

उन्हं भिंतीवर चढली तेव्हा शाळेबाहेर गलका झाला. मी वाकून बघितलं. डोंगराच्या वाटेवर धूळ उठली होती. आणि त्या धुळीतून वाडी उतरत होती. एकदोन माणसं नव्हेत, वाडी! पुढे पदू, धुतलेली बंडी घालून. मागे पुरुष, मागे बाया धुवट लुगड्यांत, कडेवर पोरं, हाताशी पोरं. मत नसलेली सगळी पोरंसुद्धा बरोबर. चांगुणेला दोन गड्यांनी डोलीसारखं उचलून आणलं होतं. मी बाकावरून उठून उभीच राहिले. मामंजी म्हणाले, "बसा, बसा, नियम आहे." पण तेही अर्धे उठले होते.

पहिली आत आली चांगुणा. म्हातारी म्हणून तिला पुढे घातलं होतं. टेबलापाशी ती टेकली. शाईची बाटली आणि काडी घेऊन बसलेले अधिकारी म्हणाले, "आजी, हात." चांगुणेने पदर मागे टाकला, चोळीची बाही खांद्यापर्यंत वर सारली, उघडा दंड त्यांच्यापुढे धरला, तोंड दुसरीकडे फिरवलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

अधिकारी बघतच राहिले. "आजी, दंड नको, बोट."

चांगुणेने डोळे न उघडता बोट पुढे केलं. दात आवळलेले. शाई लागली. जरा वेळाने तिने एक डोळा उघडला. बोटाकडे बघितलं, मग बाटलीकडे, मग माझ्याकडे. "झालां?"

"झालं आजी."

"फकस्त काळं लावलां?"

मी दाराबाहेर बघितलं. सगळी रांग तशीच उभी होती. दंड उघडे, मनगटं गच्च दाबून धरलेली, पोरांची तोंडं आयांच्या कमरेत खुपसलेली. कुणी जागचं हललेलं नव्हतं. ज्या माणसांनी आयुष्यभर सुईला बघून रान गाठलं, ती माणसं डोंगर उतरून, पोराबाळांसकट, सुई टोचून घ्यायला रांगेत उभी होती.

मला राहवलं नाही. मामंजींना बाकावर सोडून मी चांगुणेला धरून बाहेर आले. "आजी, टोचणार असं वाटलं ना तुम्हाला?"

"मंग? बाईच म्हनली ना मुंगी चावल्यागत."

"आणि तरी आलात?"

चांगुणा माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी बाई शेंबड्या पोराकडे बघायच्या. "आगं, ती मागाया आली व्हती. इतकी सालं आमाला देतीय, देतीय, आमी पळतोय. कवा काय मागलां नाय. यक डाव मागाया आली, तं एका सुईला पळाचां व्हय?"

बाई केंद्रांवर फिरत फिरत थोड्या वेळाने आमच्या शाळेपाशी आल्या. तोवर वाडी मत देऊन चिंचेखाली बसली होती आणि आपापली काळी बोटं एकमेकांना दाखवत हसत होती. मी बाईंना सगळं सांगितलं. त्या आधी मोठ्याने हसल्या. मग त्यांनी छत्री उघडली, उन्हं उतरली होती तरी उघडली, आणि तिच्याआड तोंड करून बराच वेळ उभ्या राहिल्या.

बाई हरल्या. लपवायचं कशाला, चांगल्याच हरल्या. गर्दी म्हणजे मतं नव्हेत हे मला मतमोजणीच्या दिवशी कळलं. पण आमच्या गावची पेटी उघडली तेव्हा शिडीची चळत एवढी वाढली की तात्यासाहेब खुर्चीतून उठून बघायला आले. मामंजी घरी येऊन हातपाय धुऊन पाटावर बसले आणि म्हणाले, "सूनबाई, तात्यासाहेब निवडून आले. पण आपल्या गावात मी पडलो." आणि हसले. त्या दिवशी आत्याबाईंनी त्यांना ताक वाढलं. पुढल्या निवडणुकीच्या आत ओढ्यावर साकव झाला. ती पेटी तात्यासाहेबांनीही पाहिली होती ना!

निकालानंतर बाईंची पहिली फेरी मला सगळ्यांत जास्त आठवते. वाल काढून झाला होता, मोहाचा वास सुटला होता. बाई पिशवी घेऊन, छत्री घेऊन, पत्र्याची डबी घेऊन वर निघाल्या. मी बरोबर होते. ओढ्याच्या वळणावर त्या थांबल्या, त्यांनी पदर सारखा केला. हरल्याच्या दिवशीही मी त्यांना इतकं घाबरलेलं बघितलं नव्हतं. वाडी दिसली. आंब्याकडे माझी नजर गेली, शेंडे शांत होते. पोरं खालीच होती. वाडी दारादारांत उभी होती.

बाईंनी डबी उघडली. समोर चांगुणेचा नातू होता. बाईंचा हात सवयीने त्याचा दंड पकडायला पुढे गेला आणि मध्येच थांबला. त्या खाली बसल्या, पोराच्या उंचीला आल्या आणि म्हणाल्या, "टोचू का रे?"

पोराने आजीकडे बघितलं, मग बाईंकडे. आणि अगदी शहाण्यासारखं बोट पुढे केलं. त्याच्यामागून सगळ्या पोरांनी एकदमच बोटं पुढे केली.

"बोट नाय रं मुडद्या," चांगुणा दारातून ओरडली, "आज दंड!"

बाई आता नाहीत. साकवाच्या जागी मोठा पूल आहे आणि त्यावरून टेंपो जातात. पण कुठलीही निवडणूक असो, मी शाळेत सकाळी सकाळी जाऊन उभी राहते. शाईची बाटली घेऊन बसलेलं एखादं तरुण पोर मला म्हणतं, "आजी, हात." आणि दर वेळी माझा दुसरा हात आपोआप बाहीकडे जातो, ती वर सारतो. ते पोर गोंधळून बघतं. मी तोंड फिरवते, डोळे घट्ट मिटते आणि मग बोट पुढे करते.